दिवे सोडायला मिठबावला

दिवाळीचे चार दिवस उलटले, फराळाचे डबे तळाला लागले, माहेरवाशिणी आणि पाहुणे आपापल्या घरी गेले, की घरातल्या बाईला जरा श्वास घ्यायला सवड मिळते. मुलांची शाळा सुरू व्हायची असते किंवा नुकतीच झालेली असते. पाऊस पूर्ण गेलेला असतो, ऊन अजून बोचत नाही आणि पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटते. कोकणात एक दिवसाची सहल करायची तर कार्तिकातल्या या पंधरवड्यासारखा काळ नाही. मे महिन्यात जी गर्दी आणि घामाच्या धारा असतात, त्यांतलं आता काहीच नसतं. सहल म्हटली की चार दिवसांची सुट्टी, मोठ्या बॅगा आणि मोठा खर्च हे समीकरण आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. पण पहाटे निघून रात्री घरी परतता येईल, सासूबाईंची औषधं आणि मुलांचे डबे लावून जाता येईल, अशीही सहल करता येते. कोकण रेल्वेने ती सोय आपल्या दाराशी आणून ठेवली आहे.

आम्ही पाच जणी रत्नागिरीच्या. एक शाळेत शिकवते, एक बँकेत आहे, आम्ही दोघी घर सांभाळतो, आणि पाचवी, जिच्यामुळे हा बेत ठरला, ती मिठबावची लेक. भिशीच्या निमित्ताने दर महिन्याला भेटतो. २०२४ साली त्रिपुरी पौर्णिमा १५ नोव्हेंबरला, शुक्रवारी आली होती. त्याच दिवशी गुरुनानक जयंतीची सुट्टी, त्यामुळे शाळा आणि बँक दोन्ही बंद. असा योग पुन्हा कधी यायचा? मिठबावला जायचं आणि तिथे दिवे सोडायचे असं ठरलं.

दिवे सोडायचे म्हणजे पाण्यात नव्हे, आकाशात. ही कल्पना आमच्या मिठबावकरणीची. तिची आई श्रावणात गेली. भाऊ मुंबईला, त्यामुळे घराला कुलूप लागलं. परदेशात असलेल्या भाचीने तिला एक चित्रफीत पाठवली होती. डोंगरातलं लहानसं स्टेशन, रुळांवर उभ्या असलेल्या मैत्रिणी, हातात माणसाच्या छातीएवढा कागदी कंदील, त्यावर शाईने लिहिलेलं मनोगत, आणि मग तो कंदील हलकेच हातातून सुटून वर जातो. आईसाठी असा एक दिवा सोडायचा, हे तिच्या मनाने घेतलं. तिने पाच कंदील मागवलेसुद्धा, प्रत्येकीला एक.

त्या चित्रफितीतलं गाव म्हणजे तैवानमधलं पिंगशी आणि त्याच्या शेजारचं शिफेन. तिथली रेल्वे कोळशाच्या खाणींसाठी १९२१ साली बांधली गेली. खाणी बंद पडल्या, पण ती छोटी गाडी अजून चालते आणि शिफेनला तर दुकानांच्या अगदी मधून जाते. तैपेई शहरातून सकाळी निघायचं, गाडी बदलून तिथे पोचायचं, कंदील सोडायचा आणि संध्याकाळी परत, अशी तिथल्या लोकांची एक दिवसाची सहल असते. कंदिलाचं तंत्र अगदी साधं आहे. पातळ कागदाची मोठी पिशवी, तळाशी बांबूच्या कामटीचं किंवा तारेचं कडं, आणि त्यात मेणात भिजवलेला बोळा. बोळा पेटला की आतली हवा तापते, तापलेली हवा फुगते आणि बाहेरच्या गार हवेपेक्षा हलकी होते, म्हणून कंदील वर चढतो. बोळा विझला की तो खाली येतो. कुठे येतो ते वारा ठरवतो, सोडणारा नव्हे.

थायलंडमध्ये चियांग माई शहरातही असे हजारो कंदील सोडतात, आणि गंमत म्हणजे तो सण बहुधा आपल्या कार्तिकी पौर्णिमेच्याच सुमाराला येतो. त्याच रात्री तिथले लोक केळीच्या खुंटाच्या चकतीवर पानं, फुलं आणि दिवा ठेवून नदीतही सोडतात. म्हणजे आपण गोदावरीत किंवा कृष्णेत द्रोण सोडतो तसंच. दिवा म्हटला की माणूस इथूनतिथून सारखाच!

तुतारीने कणकवलीला

रत्नागिरीहून पहाटेच्या दोन गाड्या सोयीच्या. रात्री मुंबईहून निघालेली कोकणकन्या आणि तिच्या मागून येणारी दादर-सावंतवाडी तुतारी एक्सप्रेस. आम्ही तुतारी धरली. या गाडीचं नाव आधी राज्यराणी होतं. २०१७ साली केशवसुतांच्या कवितेवरून ते तुतारी झालं. केशवसुत आमच्या मालगुंडचे, त्यामुळे रत्नागिरीकरांना या गाडीचा थोडा जास्तच अभिमान.

रत्नागिरी सोडली की थोड्याच वेळात पानवलचा पूल येतो. खालच्या दरीपासून ६४ मीटर उंच. डब्यात बसून पूल दिसत नाहीच. एकदम दोन्ही बाजूंची जमीन नाहीशी होते आणि झाडांचे शेंडे पायाखाली दिसतात, त्यावरून कळतं. त्यानंतर बोगद्यांमागून बोगदे. आडवली आणि विलवडेच्या दरम्यानचा बोगदा तर इतका लांब, की आमच्या शिक्षिकाबाईंनी सांगायला घेतलेली गोष्ट दिवे लागल्यावरही अंधारातच संपली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४० किलोमीटरच्या आसपास लांबी, नव्वदच्या वर बोगदे आणि सुमारे दोन हजार लहानमोठे पूल असं हे काम. १९९० साली महामंडळ स्थापन झालं आणि १९९८ साली पूर्ण मार्गावर गाडी धावली. बॅरिस्टर नाथ पै, मधु दंडवते यांनी ज्या गाडीसाठी संसदेत जन्मभर घसा कोरडा केला, ती ही गाडी. २०२२ पासून सगळ्या मार्गावर विजेचं इंजिन आलं, त्यामुळे बोगद्यातला तो धूरही गेला.

"माझी आई लग्न होऊन आली ती बोटीने," मिठबावची लेक सांगत होती. "देवगडच्या बंदरात उतरली, तिथून बैलगाडी. नंतर एसटी आली. रेल्वे झाल्यावर म्हणायची, आता तुम्हाला यायला काही सबब उरली नाही गं!"

हे बोलून ती खिडकीबाहेर बघत राहिली. माहेर तीन तासांवर असूनही वर्षातून किती वेळा जाणं होतं, याचा हिशेब आमच्यापैकी प्रत्येकीने मनातल्या मनात केला असावा. दशम्या, दही आणि लसणीची चटणी यांचा डबा फिरला, वैभववाडी गेलं, नांदगाव गेलं, आणि नऊच्या सुमारास कणकवली आली.

कणकवलीहून मिठबावला जायला आम्ही गाडी ठरवली होती. सव्वा-दीड तासाचा रस्ता. मिठबाव देवगड तालुक्यातलं, पण मालवणच्या हद्दीला अगदी जवळ. बाव म्हणजे आमच्या कोकणातली विहीर. गावाचं नाव उच्चारलं की मीठ आणि गोडं पाणी दोन्ही एकदम जिभेवर येतात. रस्ता आधी भातशेतीतून जातो. भाताची कापणी होऊन गेली होती, मळ्यांत उडव्या उभ्या होत्या. मग चढ लागतो आणि आपण सड्यावर येतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. पावसाळ्यात त्यावर रंगीत फुलांचा गालिचा असतो, पण नोव्हेंबरच्या मध्याला तेच सगळं गवत सोनेरी होऊन वाळून कोळ झालेलं असतं. त्या गवताच्या कडेकडेने हापूसची कलमं. देवगडचा हापूस ज्याला म्हणतात तो या असल्या कातळावर वाढतो. कुठे कुठे पहिला मोहोर डोकावू लागला होता. बागांभोवती गवत कापून रुंद पट्टे मोकळे केलेले दिसले. ते कशासाठी, ते आम्हाला दुपारी कळलं.

कुलूप असलेलं घर

माहेरच्या घराला कुलूप असणं म्हणजे काय, हे ज्या बाईने अनुभवलं तिलाच कळेल. गाडीतून उतरताना आमची मैत्रीण किल्ली हातात घट्ट धरून होती. "अंगणात कमरेएवढं गवत असेल, तुम्ही जपून चाला," असं तिने आम्हाला आधीच बजावलं होतं.

पण खळ्यात पाऊल टाकलं आणि ती थबकली. खळं शेणाने सारवलेलं होतं. तुळशीवृंदावनाला चुन्याचा हात फिरवला होता, त्यात उसाचं कांडं रोवलेलं, चिंचा आणि आवळे ठेवलेले, आणि तुळशीच्या गळ्यात मणीमंगळसूत्र. तुळशीचं लग्न लागून गेलेलं होतं!

शेजारच्या काकी गडग्यापलीकडून आल्या. सत्तरीच्या पुढच्या, कंबरेत किंचित वाकलेल्या. मैत्रीण त्यांना काही विचारणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "काय बघतंस गो? तुझी आवस गेली म्हणान तुळशीक काय तशीच ठेवतलंय?"

घरात मृत्यू झाला की वर्षभर सणवार नाहीत, हे आपण पाळतो. पण शेजारणीला ते बंधन नाही. तिने आपल्या घरच्या तुळशीचं लग्न लावलं आणि नंतर इकडे येऊन हेही लावलं. ना कुणाला फोन, ना कुणाला सांगणं. आमची मैत्रीण वृंदावनाच्या कट्ट्यावर बसून मनसोक्त रडली. श्रावणात आली होती तेव्हा दिवसकार्याच्या गडबडीत तिला रडायलासुद्धा फुरसत मिळाली नव्हती.

जेवण काकींकडेच. पौर्णिमा म्हणून मासळी नाही. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, वालीची भाजी, भात आणि सोलकढी. काकींचं काळ्या वाटाण्याचं सांबारं आमच्या हातून कधी तसं होत नाही, म्हणून बँकवाल्या मैत्रिणीने खोदून खोदून विचारलं. वाटाणे आदल्या रात्री भिजत घालायचे, शिजवताना चिमूटभरच मीठ घालायचं, आणि खोबरं-कांदा वेगवेगळा, चांगला तांबूस होईपर्यंत भाजायचा. बहुतेकींची घाई होते ती इथेच. खोबरं फिकं राहिलं की सांबाऱ्याला रंगही नाही आणि वासही नाही.

"हयसर नको गो"

जेवणं झाल्यावर कंदिलांची पिशवी बाहेर आली. काकींनी एक कंदील उलगडून, चाचपून बघितला.

"हे काय गो हाडलंस?"

"आकाशात सोडायचे दिवे काकी. आईसाठी."

काकींनी तो नीट घडी घालून खाली ठेवला. "नको गो बाय. हयसर नको. सडो बघलंस मा? गवत कसा सुकलला असा. ह्यो दिवो खंय जावन पडतलो, तेचो काय नेम?"

सात वर्षांपूर्वी सड्यावर वणवा लागला होता. कुणी विडी टाकली, की कुणी गवत जाळताना आवरलं नाही, ते शेवटपर्यंत कळलंच नाही. दुपारच्या वाऱ्याने आग बागेत शिरली. काकींची चाळीस कलमं गेली. हापूसचं कलम लावल्यावर पहिली पाच-सहा वर्षं नुसतं पाणी घालायचं, राखण करायची, मग कुठे ते धरू लागतं आणि भर उत्पन्न यायला त्याहून अधिक काळ लागतो. "पोरांसारखी वाढयलेली," एवढंच काकी म्हणाल्या. बागांभोवतीचे ते मोकळे पट्टे म्हणजे आग अडवायची वाट होती.

आमची मैत्रीण मात्र दुखावली. सकाळपासून इतकी हळवी झालेली. "एक दिवा काकी! एकच! माझ्या आईसाठी मला माझ्याच गावात एक दिवा सोडता येऊ नये?" ती म्हणाली. आम्ही बाकीच्या गप्प. अशा वेळी कुणाची बाजू घ्यावी? एका बाजूला मैत्रिणीचं दुःख, दुसऱ्या बाजूला या माउलीचा अनुभव. एकीने सुचवलं, किनाऱ्यावर जाऊन सोडू, समोर तर नुसता समुद्र आहे.

त्यावर शिक्षिकाबाईंनी आम्हाला पाचवीचा भूगोल आठवायला लावला. दिवसा जमीन तापते, म्हणून समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे वाहतात. संध्याकाळीसुद्धा ते बराच वेळ चालूच असतात. म्हणजे किनाऱ्यावर सोडलेला कंदील समुद्राकडे न जाता उलट गावावर, बागांवर आणि सड्यावर येणार. रात्री उशिरा मतलई वारे सुटल्यावर तो समुद्राकडे जाईल हे खरं, पण तिकडे होड्या आहेत, जाळी आहेत. आणि आम्हाला तर रात्रीची गाडी गाठायची होती.

ही भीती काही काकींच्या मनातली नव्हे. मुंबईत पोलिसांनी असे उडते कंदील विकायला आणि उडवायला अनेकदा मनाई केलेली आहे. चियांग माईला त्या दिवसांत विमानांच्या वेळा बदलाव्या लागतात. जर्मनीत तर बहुतेक सगळीकडे त्यांना बंदी आहे. तरीही २०२० साल उजाडताना क्रेफेल्ड नावाच्या गावात एका आईने आणि तिच्या दोन मुलींनी नववर्षाचे असेच काही कंदील सोडले. त्यातला एक प्राणिसंग्रहालयातल्या माकडांच्या घरावर पडला. ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी मिळून तीसहून अधिक प्राणी त्या आगीत गेले. त्या तिघी दुसऱ्या दिवशी स्वतःहून पोलिसांकडे गेल्या. कुणाचं वाईट व्हावं असं त्यांच्या मनात नव्हतं. पण हातातून सुटलेल्या आगीला मन कुठलं?

काकी मात्र यातलं काही बोलल्या नाहीत. त्यांनी मैत्रिणीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आवशीक दिवो व्हयो तर दारात लाव. ती खंय आकाशात जातली? ती हयसरच असतली."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मैत्रिणीनेच कंदील पिशवीत घातले. "काकी, करवंट्या आहेत का गं तुझ्याकडे?" तिने विचारलं.

गजबादेवी आणि खाडी

संध्याकाळला अवकाश होता म्हणून आम्ही गजबादेवीला जाऊन आलो. समुद्रात पुढे घुसलेल्या टेकडीवर हे देऊळ आहे. देवळापाशी उभं राहिलं की खाली खडकांवर लाटा फुटताना दिसतात आणि दोन्ही अंगांना वाळूचा किनारा. वाऱ्याने पदर आवरत नाही. गावाच्या रामेश्वरालाही जाऊन हात जोडले. कोकणातल्या शंकराच्या देवळांत त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळा पेटतात, कारण याच दिवशी शंकराने त्रिपुरासुराला मारलं अशी कथा. वेळ असेल तर जवळच कुणकेश्वरही आहे, अगदी समुद्राच्या काठावरचं. महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते.

आम्ही परत आलो तोवर काकींच्या पडवीत करवंट्यांचा ढीग तयार होता. त्यांचे यजमान काठीवर हात टेकून बसले होते. पाण्याची वेळ त्यांनी बोटांवर सांगितली. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. पौर्णिमेची तिथी १५, तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी संपणार. "साडेपाचाक पाणी थांबतला, मगे भरती सुरू. दिवे खाडयेत सोडा, वाळयेत नको," असं त्यांनी बजावलं. वाळूत नको याचं कारण कासवं. तांबळडेगच्या किनाऱ्यावर समुद्रातली कासवं रात्री येऊन वाळूत अंडी घालतात आणि नोव्हेंबरपासून तो हंगाम सुरू होतो. उजेड आणि माणसांचा वावर दिसला की मादी अंडी न घालताच माघारी फिरते.

दिवे असे केले. करवंटीच्या तळाशी मूठभर ओली वाळू घातली, म्हणजे ती कलंडत नाही. त्यावर घट्ट मळलेल्या कणकेचा दिवा, त्यात खोबरेल तेल आणि वात. थर्माकोल नाही, प्लॅस्टिक नाही, मेणबत्तीची पत्र्याची वाटी नाही. दिवा विझल्यावर कणीक माशांच्या पोटात जाते आणि करवंटी काठाला लागते.

सूर्य बुडाला आणि जवळजवळ त्याच वेळी पूर्वेला माडांच्या मागून चंद्र वर आला. पाच करवंट्या खाडीत सोडल्या. एक काकींची, त्यांच्या चाळीस कलमांच्या नावाने, अशी सहावीही झाली. आधी दिवे काठापाशीच घुटमळत राहिले. पाणी थांबलेलं होतं. मग भरतीचं पाणी आत शिरू लागलं आणि दिवे हळूहळू हलले. आमच्यातल्या एकीला वाटलं होतं की ते समुद्राकडे जातील. पण भरती आत येत होती, म्हणून दिवेही खाडीने आत, गावाच्या बाजूला चालले. "बघ," काकी मैत्रिणीला म्हणाल्या, "घराकडेच चल्ले."

घरी येऊन मैत्रिणीने तुळशीपुढे त्रिपुरवात लावली. ७५० पदरांची ही वात तिच्या आईने मागच्या वर्षी वळून डब्यात ठेवलेली होती, तीच तिने तुपात भिजवून आणली होती. वात पेटली तेव्हा खळं लख्ख उजळलं. आणलेल्या कंदिलांपैकी एक आम्ही उलगडला, त्याचा मेणाचा बोळा काढून टाकला आणि पडवीतल्या विजेच्या दिव्यावर नीट अंतर ठेवून टांगला. वीज अजून चालू होती. आकाशात जायचा तो दारात लागला. आपल्याकडे कार्तिकात पितरांसाठी उंच काठीवर आकाशदिवा लावायची रीत आहेच. दिवाळीचा आकाशकंदीलही आपण दारातच टांगतो, येणाऱ्याला घर सापडावं म्हणून.

सव्वासातला आम्ही निघालो आणि रात्री कणकवलीला कोकणकन्या धरली. गाडीत मैत्रिणीने भावाला फोन लावला. घर विकायचं बोलणं घरात चाललं होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. "मी दर त्रिपुरी पौर्णिमेला येईन, दिवाबत्तीला काकी आहेत, एवढ्यात विकू नकोस," असं ती त्याला सांगत होती. भाऊ काय म्हणाला ते आम्ही विचारलं नाही. पण फोन ठेवल्यावर तिने डब्यातली शेवटची दशमी काढून पाच जणींत वाटली.

जाणाऱ्या मैत्रिणींसाठी

मिठबावला जायचं तर उतरायला कणकवली सोयीचं, कारण तिथे बऱ्याच गाड्या थांबतात. पुढे एसटी आहे, पण पाच-सहा जणी असाल तर गाडी ठरवलेली परवडते आणि परतीच्या वेळेची काळजी राहत नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक निराळं असतं, म्हणून निघण्याआधी वेळा पाहून घ्याव्यात. परतीची गाडी उशिरा येऊ शकते, तेव्हा पाणी आणि एक शाल जवळ असू द्यावी. खडकांवर चालायला साध्या, न घसरणाऱ्या चपला हव्यात. दिवे सोडायचे असतील तर गावातल्या जाणत्या माणसाला पाण्याची वेळ विचारावी आणि एकटीने पाण्यात उतरू नये. त्रिपुरवात लावताना ताटाखाली दुसरं ताट ठेवावं, कारण ती पेटल्यावर ताट फार तापतं.

आणि जवळपास कुठे तुमचं बंद असलेलं माहेर असेल, तर देवळं आणि समुद्र पाहण्याआधी तिथे जाऊन कुलूप काढा, केर काढा, खिडक्या उघडा. शेजारच्या काकींसाठी काहीतरी घेऊन जा. आम्ही जाताना पाच कंदील नेले होते. येताना आमच्या पिशवीत काकींनी भरलेली कोकमं, दोन नारळ आणि प्रत्येकीसाठी एकेक करवंटी होती, पुढच्या वर्षीच्या दिव्यांसाठी.